फेस्तातला 'अंतराळ वसाहत' व्हीआर शो: पाचातले अडीच

पाचातले अडीच स्टार देतेय. त्यातले दीड खुर्चीला आणि एक काउंटरवरच्या पोराला. शोच्या स्क्रिप्टला शून्य. ते का, हे खाली येईलच, जरा लांबलंय, पण रविवारी दुपारी चहा घेऊन लिहायला बसलं की माझं असंच होतं.

आधी कामाचं. जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण, ३ डिसेंबरला झालं तरी फेरी, म्हणजे जत्रा, पुढे काही दिवस असते, आम्ही नंतरच्या शनिवारी संध्याकाळी गेलो. मी, चिरंजीव (वय ११, सहावीत) आणि आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही घरात मांयच म्हणतो. फोंड्याहून निघालो तर बाणस्तारीच्या पुलापासूनच गाड्या मुंगीसारख्या, पार्किंग मिळालं ते इतकं लांब की चालता चालता मांयने वाटेतच खाजें, म्हणजे जत्रेतली गोड मिठाई, घेऊन टाकलं, म्हणे परतताना दमल्यावर कोण घेणार. तेव्हा ज्यांना शो बघायचाय त्यांनी चारच्या आत पोचा, सहानंतर रांग बाहेर कपड्यांच्या स्टॉलपर्यंत जाते.

स्टॉल म्हणजे निळ्या ताडपत्रीचा तंबू, बाहेर फ्लेक्सवर रॉकेट, आत सहा हलणाऱ्या खुर्च्या आणि डोळ्यांवर बांधायचे सहा हेडसेट. तिकीट माणशी १५०, पोराचंही १५०, शो १२ मिनिटं. सीनिअर सिटिझनना सवलत आहे का विचारलं तर पोरगा हसला आणि मांयचे २० रुपये कमी केले, म्हणून त्याला तो एक स्टार. हेडसेट दर शोनंतर पुसतात, ते मी डोळ्यांनी बघितलं, पण एकाच फडक्याने पुसतात, आता काय बोलायचं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून बसा नाहीतर नाकावर वळ उठतात. आणि बायकांसाठी खास: केसात फुलं माळून जाऊ नका. मांयच्या अंबाड्यावर अबोलीचा ताजा वळेसर होता, घरच्या झाडाचा, त्या पोराने पट्टा मागून घट्ट ओढला आणि वळेसराचा पार चोथा, नंतर खुर्चीखाली भगव्या पाकळ्यांचा सडा पडलेला. मांय काही बोलली नाही पण उठल्यावर खाली वाकून जेवढी धड होती तेवढी वेचून पर्समध्ये टाकली.

आता शो. सुरुवात खरोखर चांगली आहे, खोटं कशाला बोला. रॉकेट उडतं तेव्हा खुर्ची जी थरथरते, दात वाजतात अक्षरशः, आणि मग एकदम शांतता, खाली निळी पृथ्वी. चिरंजीव ओरडला "आई गोवा दिसतंय", दिसत काही नव्हतं पण जाऊ दे. मग समोर येतं ते प्रचंड चाक, फिरणारं, आत झाडं, घरं, तळं, ओढा, पोरं सायकल चालवतायत. हे चाक त्या कंपनीच्या डोक्यातून निघालेलं नाही. १९७५ साली नासाचं एम्स सेंटर आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी उन्हाळ्यात एक अभ्यास केला होता, त्यातली ही रचना, स्टॅनफर्ड टोरस म्हणतात तिला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं चाक, दहा हजार माणसांसाठी. चाक मिनिटाला एक फेरा मारतं आणि त्यामुळे कडेला उभ्या माणसाला पृथ्वीवर वाटतं तेवढंच वजन वाटतं, म्हणजे बादलीत पाणी घालून बादली गरागरा फिरवली तर सांडत नाही ना, तेच.

पण शोमध्ये ते चाक दहा सेकंदात एक फेरा मारतं. जायंट व्हीलसुद्धा त्यापेक्षा सावकाश फिरतं. मी शाळेत विज्ञान शिकवते त्यामुळे माझं डोकं तिथेच अडकलं, खुर्चीत बसल्या बसल्या गणित चालू. वेग सहापट म्हणजे वजन छत्तीसपट, मांय ५२ किलोची, म्हणजे त्या वसाहतीत तिचं वजन भरणार १८७२ किलो, आमच्या दारातल्या गाडीपेक्षा जास्त. सायकल चालवणाऱ्या पोरांचं काय झालं असेल ते सोडाच. एवढा खर्च करून सिनेमा बनवलात, एखाद्या बारावीच्या मुलाला तरी दाखवायचा होता.

बरं, हे खपलं असतं. मुलांना मजा येते, फेस्तात कोण एवढं बघतं. खटकला तो शेवट.

शेवटच्या तीन मिनिटांत कॅमेरा परत पृथ्वीवर येतो, कुठल्यातरी शहरातली झोपडपट्टी, नाला, पत्र्याची घरं, एक बाई कडेवर मूल घेऊन टँकरसमोर रांगेत. मग तीच बाई रॉकेटमध्ये. मग तीच बाई त्या चाकात, हातात किल्ली, दार उघडते, आत टाइल्स, खिडकीतून पृथ्वी दिसते. आणि मागे तो भारदस्त हिंदी आवाज सांगतो की धरतीवर ज्यांना घर नाही त्यांचं घर ताऱ्यांमध्ये असेल, गरिबी धरतीवरून कायमची संपेल, वगैरे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ होते ते चक्क "वा" म्हणाले.

आणि बरोबर त्या क्षणी लाईट गेली.

खरंच गेली. हेडसेट काळा, आवाज बंद, कूलर बंद, खुर्ची एका बाजूला कललेली तशीच अडकली. तंबूत सहा माणसं डोळ्यांवर डबे बांधून अंधारात तिरकी बसलेली, बाहेर फेस्ताचा गलका, कुठेतरी खेळण्यातली पिपाणी. पोरगा ओरडतोय "कोई उतरना मत, जनरेटर चालू होता है". दोन मिनिटांत आत इतकं उकडायला लागलं की माझ्या हनुवटीवरून घाम. आणि त्या अंधारात मांयचा आवाज, एकदम शांत, घरी बसल्यासारखा, "लायट गेली मगे." आणि थोड्या वेळाने, "आनी उदक खंयच्यान येता?"

म्हणजे पाणी कुठून येतं. मला आधी वाटलं तहान लागली असेल. तर नाही, तिला त्या चाकातलं विचारायचं होतं. एवढा मोठा ओढा दाखवला, तो येतो कुठून?

अख्ख्या शोमध्ये याचं उत्तर नाही. म्हणून मी देते.

आत्ता अंतराळात माणसं राहतात अशी मोठी जागा म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सुमारे ४२० टन वजनाचं, जमिनीपासून ४०० किलोमीटरवर, आणि त्यात सहसा सात माणसं. सात! तिथे पाणी म्हणजे खालून नेलेलं, आणि मग तेच पुन्हा पुन्हा गाळलेलं, घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं धरून, २०२३ मध्ये नासाने सांगितलं की ९८ टक्क्यांपर्यंत पाणी परत मिळवता येतंय. भारी काम आहे, त्यात वादच नाही. श्वासाचा ऑक्सिजनही बहुतेक पाण्यातूनच, वीज सोडून पाणी फोडायचं आणि ऑक्सिजन घ्यायचा, माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे तिथे लाईट गेली की कूलर नाही, श्वास बंद पडायची वेळ येते. आमच्या तंबूत निदान ताडपत्री वर करून बाहेर येता येत होतं.

आणि भाडं बघा. आजच्या स्वस्तातल्या रॉकेटने, म्हणजे फाल्कन ९ वगैरे, पृथ्वीजवळच्या कक्षेत एक किलो सामान न्यायचा हिशेब काही वर्षांपूर्वीच्या जाहीर दरावरून साधारण २,७०० डॉलर पडत होता. स्पेस शटलच्या काळात तो ५० हजार डॉलरच्या वर होता, म्हणजे खूप उतरला, मान्य. पण रुपयात किलोला सव्वादोन-अडीच लाख. एक कळशी पाणी धरा दहा लिटरची, ती वर न्यायला बावीस-पंचवीस लाख. रेशनचा एक किलो तांदूळ अडीच लाखाचा. मांयला नुसती वजनावर पाठवायची झाली, खाजें न घेता, तर सव्वा कोटीच्या आसपास, ते पण चाकापर्यंत नाही, नुसतं दारापर्यंत. मागे २०२५ च्या जूनमध्ये आपला शुभांशू शुक्ला गेला होता ना स्थानकावर, त्या एका मोहिमेसाठी देशाचे पाचशे कोटींच्या वर गेले अशा बातम्या होत्या. एवढ्या पैशात त्या टँकरवाल्या बाईच्या वस्तीत नळ, गटार, टाइल्स सगळं होऊन वर एखादा ओढाही खोदता येईल.

मी काही अंतराळाच्या विरुद्ध नाही हां, उलट बाजूनेच आहे. चांद्रयान उतरलं तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये ओरडून माझाच घसा बसला होता. आणि ही वसाहतीची कल्पना ज्याने नीट मांडली तो जेरार्ड ओ'नील, प्रिन्स्टनचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, तो काही चोर नव्हता. १९७४ मध्ये त्याने लेख लिहिला, त्याला मनापासून वाटत होतं की पृथ्वीवर गर्दी वाढतेय, वर ऊन फुकट आहे, माल चंद्रावरून आणू, माणसं वर राहायला जातील आणि खाली झाडं वाढतील. वाचायला छान आहे. फक्त एक आकडा घ्या. जगाची लोकसंख्या वर्षाला साधारण सात कोटींनी वाढते, म्हणजे दिवसाला दोन लाखाला थोडी कमी. नुसती वाढ थांबवायची म्हटली तरी रोज तेवढी माणसं वर पाठवायला हवीत. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख. म्हणजे दर आठ दिवसांनी एक अख्खं गोवा, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, कदंबा बसचे कंडक्टर धरून, उचलून वर. आणि गागारिन गेला तेव्हापासून, १९६१ पासून आजपर्यंत, अंतराळात गेलेली माणसं सगळी मिळून सातशेच्या आसपास. एवढी तर आमच्या शाळेत मुलं आहेत.

हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. पण त्या तंबूत कुणी हसलं नाही. कारण तो शेवट ऐकायला बरा वाटतो. गरीब डोळ्यांसमोरून जातात आणि जाताना खूशही दिसतात, आपल्याला अजून काय पाहिजे.

जनरेटर चालू झाला पाचेक मिनिटांनी. पोराने शो पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला तर दोघांना चक्कर आलेली, ते उतरले, पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. "मेन शो तो हो गया था ना". हे चुकीचं आहे, तिकिटावर बारा मिनिटं लिहिलंय आणि आमची साडेदहाच झाली, ती किल्लीवाली बाई दारात उभी राहिली ती राहिलीच. आम्ही नको म्हटलं आणि बाहेर आलो.

बाहेर आल्यावर चहा घेतला आणि नदीच्या बाजूला गेलो, व्हाईसरॉयच्या कमानीकडे, तिथे जरा वारा होता. आणि तिथे मला हसू आलं. च्यायला, अंतराळ वसाहतीचा शो लावायला जागा कुठली मिळाली तर जुनं गोवा! याच कमानीतून लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाईसरॉय गाजावाजा करत आत यायचा. आणि त्याच जहाजांच्या पोटातून कोण यायचं? शिक्षा झालेले लोक, ज्यांना पोर्तुगालमध्ये ठेवायचं नव्हतं, देगरेदाद म्हणायचे त्यांना, हद्दपार. आणि सोळाव्या शतकापासून राजाच्या अनाथ मुली. म्हणजे ज्यांचे बाप गेलेले, ज्यांना तिकडे कोणी वाली नाही अशा पोरी, राजाच्या खर्चाने सहा-सहा महिन्यांच्या प्रवासाला लावून इकडे पाठवायच्या, लग्नासाठी. हुंडा म्हणून काय, तर जो लग्न करील त्याला सरकारी हुद्दा. त्या मुलींना कुणी विचारलं होतं का, माहीत नाही, पण जहाजात चढताना त्यांनाही असाच एखादा भारदस्त आवाज काहीतरी छान सांगत असणार.

आणि एवढं करून या शहराचं झालं काय? ज्याने गोवा पाहिलं त्याला लिस्बन बघायला नको असं म्हणायचे. मग हिवताप, कॉलरा, विहिरींचं पाणी बिघडलं, माणसं पटापट गेली. १७५९ मध्ये व्हाईसरॉय स्वतः पणजीला राहायला गेला, १८४३ मध्ये राजधानीही गेली. आता चर्च उभी आहेत आणि मध्ये गवत. चिरंजीवांना हे सांगत होते तर तो म्हणाला, म्हणजे पाण्यामुळेच? मी म्हटलं, हो बाबा, पाण्यामुळे पण. त्याला मांयचा प्रश्न आठवला असणार.

आता एक योगायोग, जो मला घरी येऊन वाचताना सापडला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पहिली तुकडी राहायला पोचली ती तारीख २ नोव्हेंबर २०००. तेव्हापासून तिथे माणूस नाही असा एक दिवस गेला नाही. आणि २ नोव्हेंबर १८३४ ला मॉरिशसमध्ये पोर्ट लुईच्या बंदरात ॲटलास नावाचं जहाज लागलं, त्यातून ३६ हिंदुस्थानी मजूर उतरले. गुलामगिरी कायद्याने बंद झाली म्हणून उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, तेव्हा करारावर नेले, पाच-पाच वर्षांच्या. तोच तो ॲग्रीमेंट, आपल्या लोकांच्या तोंडात झाला गिरमिट. (मराठीत सुताराच्या भोकं पाडायच्या हत्याराला पण गिरमिट म्हणतात, दोन्ही शब्द वेगळे आहेत पण काम तेच.) मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरला आजही सुट्टी असते. आणि पुढे असे करारावर गेलेल्या लाखो लोकांत आपले कोकणातले पण होते, तिथे आज मराठी समाज आहे, गणपती बसवतात. म्हणजे हे लांबचं कुणाचं नाही, आपलंच आहे.

तर करार. २०२० च्या जानेवारीत इलॉन मस्कने ट्विटरवर लिहिलं होतं की मंगळावर जायला ज्यांच्याकडे पैसे नसतील त्यांना कर्ज मिळेल आणि मंगळावर नोकऱ्या भरपूर असतील. हे तो गंमतीत म्हणाला असेल किंवा खरं, पण मॉरिशसवाल्यांना निदान ऊस कापून झाल्यावर हवा फुकट होती. मंगळावर कर्जाचा हप्ता चुकला तर सावकार काय जप्त करणार? तिथे घर कंपनीचं, पाणी कंपनीचं, दुकान कंपनीचं, आणि नाकात जातं ते पण कंपनीचं. संप करायचा म्हटला तर श्वास रोखून करावा लागेल.

आणि परत यायचं काय, हे तर शोमध्ये नावालाही नाही. स्थानकावर नियम असा की जेवढी माणसं तेवढ्या परतीच्या खुर्च्या, यान बाहेर जोडलेलं असतं. तरीपण सुनीता विल्यम्स ५ जून २०२४ ला साधारण आठ दिवसांसाठी म्हणून गेली, यानात बिघाड निघाला आणि परत आली १८ मार्च २०२५ ला, २८६ दिवसांनी. ती नासाची, कप्तान, अख्खं जग टीव्हीवर वाट बघत होतं. त्या टँकरवाल्या बाईची वाट कोण बघणार आहे?

मांयकडे येते आता, कारण शोबद्दल सगळ्यात कमी ती बोलली आणि सगळ्यात मुद्द्याचं तीच बोलली.

मांयचं माहेर पाण्याखाली आहे. हे मी अलंकार म्हणून नाही लिहीत. सांगे तालुक्यातलं कुर्डी, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणात गेलं. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना स्वतः गावात येऊन सांगून गेले होते की धरण झालं की सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल. ते खरंही झालं, मडगावात आज नळ सोडला की साळावलीच येते. मांय लग्न होऊन फोंड्याला आली आणि चार-पाच वर्षांत माहेर उठलं. माड, फणस, काजू, देवळं, चॅपेल, मशीद, सगळं सोडून शेकडो कुटुंबं वाडे आणि वालकिणी इथे पुनर्वसन वसाहतीत गेली. वसाहत हाच शब्द. तिचे भाऊ वालकिणीला गेले. जमीन मिळाली, प्लॉट मिळाला, ते मांय नाकारत नाही. पण ज्यांच्या गावावर धरण उभं राहिलं त्यांच्याच नळाला पाणी नाही, हे ऐकत मी या घरात सून म्हणून आले, भाऊबीजेला वालकिणीला गेलं की वहिनी आधी घागरी मोजायची आणि मग चहा टाकायची.

तर चहा पिताना मांय त्या शोबद्दल एवढंच म्हणाली, "घरां दितले म्हण सांगतात, नळ दितले म्हण कोण सांगना." घरं देणार म्हणतात, नळ देणार असं कोणी म्हणत नाही. मी अर्धा तास आकडेमोड करत होते आणि हिने एका घोटात संपवलं.

आता ज्यांना अजूनही जायचंय त्यांच्यासाठी. जा, मुलांना न्या, रॉकेट उडतानाचा भाग पैसे वसूल आहे, डावीकडून दुसरी खुर्ची घ्या, ती सगळ्यात कमी कुरकुरते. पोटभर खाऊन बसू नका. मानेचा त्रास असेल तर नकोच. शेवटची तीन मिनिटं आली की हेडसेट काढून मुलांशी बोला, किंवा ठेवा आणि नंतर मांडवीकाठी बसून बोला, तुमची मर्जी. आणि बाहेर पडताना तो पोरगा 'वसाहत नागरिक प्रमाणपत्र' विकतो, पन्नास रुपये, तुमचा फोटो काढून अंतराळवीराच्या पोशाखावर चिकटवून देतो, सोबत चंद्रावरचा छोटा प्लॉट फ्री असं म्हणतो. तो प्लॉट मनावर घेऊ नका. १९६७ चा अंतराळ करार आहे, भारतानेही सही केलेला, चंद्र कुठल्याच देशाच्या मालकीचा होऊ शकत नाही, मग प्लॉट पाडणार कोण आणि विकणार कोण. गोव्यात तेवढा एक जमिनीचा उतारा अजून कुणी बनवला नव्हता.

मी घेणार नव्हते. पण मांय म्हणाली मला हवं. मला वाटलं नातवासाठी, तर नाही, स्वतःचं. खुर्चीवर ताठ बसून फोटो काढला, चुरगळलेला वळेसर पर्समधून काढून पुन्हा अंबाड्यात खोचून. त्या प्रमाणपत्रावर एक रकाना असतो, 'पृथ्वीवरील गाव'. मी सांगणार होते फोंडा. तिने सांगितलं कुर्डी. पोराने छापलं 'कुर्दी'. मांय चौथी शिकलेली आहे आणि तिची नजर अजून शाबूत आहे, तिने कागद परत त्याच्यासमोर सरकवला आणि बोट ठेवलं. पोरगा म्हणाला दुसरी प्रिंट काढायची तर अजून वीस रुपये होतील. तिने दिले, म्हणजे तिकिटात वाचलेले वीस तिथेच गेले. नवीन कागद आला, नीट 'कुर्डी' लिहिलेला. पोराने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालता घालता विचारलं, "अम्मा, ये गाँव किधर आता है?"

मांयने पिशवी घेतली, घडी न पडेल अशी खाजाच्या पुड्यावर ठेवली आणि म्हणाली, "मे म्हयन्यांत यो, दाखयतां. तेन्ना उदक देंवता." मे महिन्यात ये, दाखवते. तेव्हा पाणी उतरतं.